एनी मोर (इंग्रजी क्रियाविशेषण)

एखादी स्थिती किंवा सवय पूर्वी होती, आता उरली नाही, असा बदल दाखवणारे इंग्रजी क्रियाविशेषण. प्रमाण इंग्रजीत ते मुख्यतः नकारार्थी वाक्यात येते. उदा., ‘आय डोन्ट लिव्ह हिअर एनी मोर’, म्हणजे ‘मी आता इथे राहत नाही’. उत्तर आयर्लंडमधील व अमेरिकेच्या मध्यवर्ती पट्ट्यातील बोलींत मात्र ते होकारार्थी वाक्यातही चालते. ‘एनी मोर वी गो बाय ट्रेन’ याचा अर्थ तेथे ‘आताशा आम्ही आगगाडीने जातो’ असा होतो. या दुसऱ्या उपयोगाचा उगम हा अभ्यासकांत वादाचा विषय आहे. लेखनाच्या दृष्टीने, काळाचा अर्थ असताना अमेरिकेत हा एकच शब्द मानून जोडून लिहितात. ब्रिटनमध्ये परंपरेने दोन शब्द तोडून लिहितात. ‘आणखी काही’ या परिमाणाच्या अर्थी तो दोन्हीकडे सुटाच लिहिला जातो.

यातील पहिला शब्द जुन्या इंग्रजीतील ‘एनिग’ या रूपापासून आला. ‘एक’ या अर्थाचा ‘आन’ आणि ‘-इग’ हा विशेषणप्रत्यय मिळून तो बनला. जर्मन ‘आयनिग’ हे त्याचे सगोत्र रूप. लॅटिन ‘ऊनुस’ आणि संस्कृत ‘एक’ यांच्या मुळाशी जे इंडो-युरोपीय अंग आहे, त्यापासूनच ‘आन’ निघाला. प्रत्यय मात्र वेगवेगळे लागले. दुसरा शब्द ‘मारा’ या तुलनादर्शक रूपापासून आला. गॉथिक या आता लुप्त झालेल्या जर्मॅनिक भाषेतील ‘माइझा’ त्याची जुनी अवस्था दाखवते. पुढे पश्चिम व उत्तर जर्मॅनिक भाषांत त्यातील ‘झ’ या घोष ऊष्म वर्णाचा ‘र’ झाला. जुन्या इंग्रजीत ‘मा’ असे स्वतंत्र क्रियाविशेषणही होते आणि त्यातून ‘मो’ हे रूप आले. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘मो’ आणि परिमाणासाठी ‘मोर’ असा भेद काही शतके पाळला जात होता. बायबलच्या 1611 मधील मूळ छपाईत ‘मो’ ठिकठिकाणी आढळतो. नंतरच्या आवृत्त्यांत तो ‘मोर’ने पुसला गेला.

दोन्ही घटक परिमाणाचे असताना जोडशब्दाला काळाचा अर्थ कसा मिळाला, हा या नोंदीतला पहिला महत्त्वाचा प्रश्न. जुन्या इंग्रजीत ‘यापुढे नाही’ हा भाव व्यक्त करायला ‘लेंग’ (अधिक काळ) हे तुलनादर्शक क्रियाविशेषण हाताशी होते. बेओवुल्फ या महाकाव्यात मरणोन्मुख नायक आपला साथीदार विग्लाफ याला ‘मला आता येथे अधिक राहता येत नाही’ असे सांगतो (ओळ 2801), तेथे हाच शब्द आहे. आजचे ‘नो लाँगर’ हे त्याच वळणाचे. परिमाणवाचक शब्दाने ही जागा घेण्याची प्रक्रिया बहुधा ‘आणखी एकदा नाही’ या आवृत्तीच्या अर्थातून सुरू झाली असावी. जी क्रिया आणखी एकदा घडणार नाही ती थांबली, असे म्हणता येते. तिथून स्थितीच्या समाप्तीचा अर्थ एका पावलावर राहतो. मध्य इंग्रजीत, साधारणतः चौदाव्या शतकापासून, नकारासह आलेल्या ‘एनी मोर’ला हा काळाचा अर्थ दिसू लागतो. ‘नो मोर’, ‘नेव्हर मोर’ ही रूपे त्याच घडणीची.

आवृत्ती आणि सातत्य हे दोन अर्थ पुढेही पूर्णपणे वेगळे झाले नाहीत. बायबलमधील यशया 2:4 या प्रसिद्ध वचनाच्या 1611 च्या भाषांतरात राष्ट्रे युद्ध शिकणार नाहीत असे सांगताना ‘एनी मोर’ योजला आहे. तेथे ‘पुन्हा शिकणार नाहीत’ आणि ‘शिकणे थांबवतील’ हे दोन्ही अर्थ लागतात. मूळ हिब्रूतील ‘ओद’ या शब्दातही ‘अजून’ आणि ‘पुन्हा’ असे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे भाषांतरकारांनी संदिग्धता निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा ती त्यांनी जपली, असे म्हणणे अधिक योग्य.

परिमाणाकडून काळाकडे जाणारी ही वाट इंग्रजीपुरती नाही. जर्मन ‘निश्ट मेर’, फ्रेंच ‘न... प्ल्यू’, इटालियन ‘नॉन प्यू’ या सर्वांत ‘अधिक’ या अर्थाचा शब्द नकाराशी जोडून समाप्ती दाखवली जाते. स्पॅनिश ‘या नो’ मात्र ‘आधीच’ या अर्थाच्या शब्दापासून सिद्ध होते. मराठीत हे काम बहुतांशी ‘आता’ करतो.

अर्थविचारात हा शब्द ‘अजून’, ‘आधीच’, ‘अद्याप नाही’ या अर्थांच्या शब्दांबरोबर एका गटात मोडतो. भाषाशास्त्रज्ञ सेबास्टियान ल्योबनर यांनी 1989 मध्ये जर्मन शब्दांच्या आधारे या गटाची व्यवस्थित मांडणी केली. गटातील प्रत्येक शब्द एक सीमारेषा गृहीत धरतो: तिच्या अलीकडे एक स्थिती, पलीकडे तिच्या विरुद्ध स्थिती. ‘तो आता धूम्रपान करत नाही’ या वाक्यात तो पूर्वी करत असे, हे सांगितलेले नसून गृहीत धरलेले असते. ‘एनी मोर’ची दुसरी खूण म्हणजे नकारावरचे अवलंबित्व. प्रमाण इंग्रजीत नकार, प्रश्न, ‘जर’ने सुरू होणारी उपवाक्ये किंवा ‘क्वचित’सारखे नकाराकडे झुकणारे शब्द असतील तरच तो येतो. होकारार्थी उपयोग अभ्यासकांना चक्रावतो तो यामुळेच.

होकारार्थी उपयोगाची सर्वांत जास्त उद्धृत होणारी जुनी नोंद जोसेफ राइट यांच्या इंग्रजी बोलीकोशाच्या 1898 मधील पहिल्या खंडात आहे. (राइट यॉर्कशरच्या गिरणीत राबणारे, पंधराव्या वर्षापर्यंत निरक्षर असलेला हा माणूस पुढे ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. बोलींची अशी बारीक नोंद घेणारा कोश त्यांच्याच हातून व्हावा, हे स्वाभाविक वाटते.) आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यातील या नोंदीत कामाच्या सूचना मिळालेला नोकर ‘आय विल डू इट एनी मोर’ असे उत्तर देतो. अर्थ: ‘यापुढे तसेच करीन’. विसाव्या शतकात बेलफास्टच्या बोलीतही होकारार्थी उपयोग नोंदला गेला आहे.

अमेरिकेत भाषाभ्यासक केंप मलोन यांनी 1931 मध्ये या उपयोगाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तेव्हापासून जमा झालेल्या नोंदींनुसार त्याचा मुख्य प्रदेश पेनसिल्व्हेनियापासून ओहायो, इंडियाना, केंटकी, मिझुरी असा पश्चिमेकडे पसरतो. न्यू इंग्लंडमध्ये तो विरळ आहे. हा नकाशा अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तरेकडील प्रांतातून आलेल्या स्कॉच-आयरिश (तेथे स्थायिक झालेल्या स्कॉटिश लोकांचे वंशज) वसाहतकारांच्या वाटेशी पुष्कळ जुळतो. 1717 ते 1775 या काळात हे लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले. त्यांच्या संख्येचे अंदाज सामान्यतः दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान दिले जातात. त्यांतील बहुसंख्य फिलाडेल्फिया व डेलावेअरमधील न्यूकॅसल या बंदरांत उतरले आणि तेथून शेननडोआ खोऱ्यातून दक्षिणेकडे, तसेच अ‍ॅपलाशियन पर्वत ओलांडून पश्चिमेकडे गेले.

हा उपयोग या वसाहतकारांबरोबर अल्स्टरमधून अमेरिकेत आला, या मतावर तीन आक्षेप येतात. पहिला अर्थाचा. अँट्रिमच्या वाक्याचा अर्थ ‘यापुढे’ आहे, अमेरिकेतील उपयोगाचा ‘आताशा’. हा फरक खरा असला तरी निर्णायक नाही. नकारार्थी उपयोगात दोन्ही अर्थ आधीपासून आहेत: ‘मी यापुढे येणार नाही’ आणि ‘मी आताशा येत नाही’ ही दोन्ही वाक्ये ‘एनी मोर’नेच सांगता येतात. म्हणजे शब्दातली सीमारेषा तीच राहते; ती बोलण्याच्या क्षणावर आखायची की त्याच्या थोडी मागे, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर क्रियापदाचा काळ देतो. म्हणून एका अर्थावरून दुसरा निघाला असे मानण्याचीही गरज नाही. नकाराची अट सुटली तेव्हा दोन्ही अर्थ बरोबरच मोकळे झाले, असे मानणे पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप डी. एच. लॉरेन्स यांच्या 1920 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विमेन इन लव्ह या कादंबरीतील एका वाक्यावर उभा आहे. तेथे बर्किन हे पात्र दुःख भोगण्याचा आपल्याला आताशा कंटाळा येतो, असे म्हणताना ‘एनी मोर’ होकारार्थी वापरते. लॉरेन्स नॉटिंगहॅमशरचे, अल्स्टरशी या वाक्याचा संबंध लावता येत नाही. यावरून हा उपयोग इंग्लंडच्या मध्यभागातही कधीकाळी असावा, असा तर्क करता येतो. पण एका वाक्यावर, तेही साहित्यकृतीतल्या पात्राच्या तोंडच्या, बोलीचा इतिहास उभा करणे धाडसाचे ठरेल. तिसरा आक्षेप पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागातील जर्मन वसाहतींचा प्रभाव सुचवतो. त्या परिसरापुरता असा प्रभाव पूरक ठरला असणे अशक्य नाही. उत्तर आयर्लंडमधील नोंदींचा उलगडा मात्र त्यातून होत नाही.

अल्स्टरमध्ये तरी हा उपयोग कोठून आला, याबाबत आयरिश भाषेतील ‘फास्ता’ या शब्दाकडे पाहण्यासारखे आहे. त्याचा अर्थ ‘यापुढे’. तो होकारार्थी व नकारार्थी अशा दोन्ही वाक्यांत चालतो, आणि नकारासह आला की इंग्रजीत त्याचे भाषांतर ‘एनी मोर’ असेच होते. आयरिश बोलणाऱ्यांनी इंग्रजी आत्मसात करताना ‘फास्ता’ची मोकळीक ‘एनी मोर’ला दिली, ही उपपत्ती अँट्रिमच्या ‘यापुढे’ या अर्थाशी चांगली जुळते. नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मागे फारशा जात नसल्याने ती संभाव्य म्हणूनच नोंदवणे इष्ट.

बोलणाऱ्यांना स्वतःच्या या सवयीची जाणीव नसते, हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांच्या फिलाडेल्फियातील 1970 च्या दशकातील संशोधनातून पुढे आले. असे वाक्य आपण बोलत नाही, असे सांगणारी माणसे सहज बोलण्यात ते वापरत होती. ज्यांच्या बोलीत हा उपयोग नाही अशा अमेरिकनांपैकी काहींनी त्याचा अर्थ ‘अजूनही’ असा, म्हणजे नेमका उलटा, लावला. तक्रारीच्या वाक्यांत तो अधिक आढळतो, असे निरीक्षण अनेकांनी केले आहे. आपण आताशा फक्त अंत्ययात्रांनाच जातो की काय असे वाटते, या आशयाचे अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांचे वाक्य त्याचे नेहमीचे उदाहरण, ट्रूमन मिझुरीचे. तथापि तक्रार हा या शब्दाच्या अर्थाचा भाग नाही, कारण आनंदाच्या बदलासाठीही तो योजतात. आवश्यक असतो तो पूर्वीशी विरोध. नेहमीच खऱ्या असलेल्या गोष्टींबद्दल त्याचा उपयोग होत नाही. काही बोलींत तो वाक्याच्या आरंभीही येतो. नकारावर अवलंबून असलेल्या शब्दाला ही जागा सहसा मिळत नाही, म्हणून या बोलींत तो नकारापासून पुरता सुटला आहे असे मानतात.