गोलरक्षक प्रशिक्षक म्हणजे नेमका कोण?

नावाजलेला गोलरक्षक निवृत्त होतो, काही वर्षांनी पुन्हा मैदानाच्या कडेला उभा दिसतो आणि बातमी येते, ‘माजी गोलरक्षक प्रशिक्षकपदी’. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘चला, आता यांचा गोलकीपर सुधारणार.’ तो माणूस आलेला असतो सगळा संघ चालवायला! याच्या उलटही होतं. गोलरक्षकांना शिकवणारा कोच एखाद्या क्लबमध्ये दहा वर्षं टिकला, तर लोक हळहळतात की बिचाऱ्याला बढती मिळाली नाही. ही दोन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता गप्प बसवत नाही.

थोडा दोष आपल्या समासाचाही आहे. ‘गोलरक्षक प्रशिक्षक’ हा तत्पुरुष म्हणून सोडवला तर गोलरक्षकांचा प्रशिक्षक आणि कर्मधारय म्हणून सोडवला तर गोलरक्षक असलेला प्रशिक्षक. त्याच्या आधी ‘माजी’ लागलं की आणखी घोळ, कारण माजी नक्की काय, गोलरक्षकपण की प्रशिक्षकपण, हे कळायला मार्ग नाही. म्हणून मी गोलरक्षकांना शिकवणाऱ्याला ‘गोलकीपिंग कोच’ म्हणतो आणि संघ चालवणाऱ्याला ‘मुख्य प्रशिक्षक’. शुद्ध मराठीच्या आग्रहाखातर दोघांनाही ‘गोलरक्षक प्रशिक्षक’ म्हणणाऱ्यांनी वाचकाचं काही भलं केलेलं नाही.

मुख्य प्रशिक्षक काय करतो, हे फुटबॉल पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. संघ निवडतो, डावपेच ठरवतो, खेळाडू बदलतो, हरल्यावर पत्रकारांसमोर बसतो आणि फारच हरला तर घरी जातो. काही देशांत त्याला मॅनेजर म्हणतात आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतही त्याचा शब्द चालतो. तो फरक इथे महत्त्वाचा नाही.

गोलकीपिंग कोचचं काम मात्र फारसं कुणी पाहिलेलं नसतं, कारण ते कॅमेरा सुरू होण्याआधी संपतं. सामन्याला लवकर पोहोचलात तर बघा. बाकीचा संघ बाहेर येण्याआधी दोन-तीन गोलकीपर आणि एक ट्रॅकसूटवाला माणूस मैदानात येतात. तो आधी हातात अलगद चेंडू देतो, मग छातीवर, मग गुडघ्याच्या उंचीवर, मग एक टप्पा पाडून. प्रत्येक फटक्याआधी तो क्षणभर थांबतो. त्या क्षणात तो गोलकीपरचे पाय पाहत असतो, हात नाही. चेंडू सुटण्याच्या वेळी दोन्ही पाय जमिनीवर, वजन चवड्यांवर आणि शरीर स्थिर आहे का? पाय हवेत असताना फटका बसला तर जगातला सर्वांत लांब हाताचा गोलकीपरही उशिरा पोहोचतो. या कोचला स्वतःला चेंडू हवा तिथे, हव्या वेगाने, पन्नास-पन्नास वेळा मारता यावा लागतो. त्याच्या हाताखाली असतात तीन, फार तर चार माणसं, आणि त्यातला एकच खेळणार असतो. उरलेल्यांना आठवडाभर तितकंच तयार ठेवायचं, त्यांचा हुरूप टिकवायचा आणि शनिवारी पुन्हा बाकावर बसवायचं, हेही त्याचंच काम.

खरी गल्लत पुढे आहे. लोकांना वाटतं की दोघांच्या कामात फरक फक्त व्याप्तीचा आहे, एक लहान गट सांभाळतो आणि दुसरा मोठा. तसं नाही. फरक निर्णय कुणाचा, हा आहे. गोलकीपिंग कोच तयारी करून देतो. ती तयारी वापरायची की नाही, कधी वापरायची आणि कुणावर वापरायची, हे मुख्य प्रशिक्षक ठरवतो. दोघेही माजी गोलरक्षक असले तरी या रेषेत बदल होत नाही.

2014 च्या विश्वचषकातली नेदरलँड्स विरुद्ध कोस्टा रिका ही उपउपांत्य लढत आठवा. अतिरिक्त वेळ संपता संपता नेदरलँड्सचे मुख्य प्रशिक्षक लुई व्हान खाल यांनी गोलकीपर यास्पर सिलेसनला बाहेर बोलावून राखीव गोलकीपर टिम क्रुलला आत पाठवलं, केवळ पेनल्टींसाठी. क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या आणि नेदरलँड्स 4-3 ने जिंकलं. त्या संघाचे गोलकीपिंग कोच होते फ्रान्स हुक, स्वतः जुने गोलकीपर, आयाक्सपासून व्हान खाल यांच्यासोबत काम केलेले. कोस्टा रिकाचा कोणता खेळाडू कुठे मारतो, क्रुलने किती वेळ थांबायचं, ही तयारी हुक यांच्या खात्यातली. पण शेवटची बदली तोवर हातात राखून ठेवण्याचा जुगार त्यांच्या अधिकारातला नव्हता. एखादा खेळाडू जायबंदी झाला असता तर संघ दहा जणांवर आला असता, आणि त्याचा जाब हुक यांना नव्हे, व्हान खाल यांना द्यावा लागला असता. क्रुलला ही शक्यता आधी सांगायची आणि सिलेसनला सांगायची नाही, हेही मुख्य प्रशिक्षकाने पेललेलं ओझं. बाहेर येताना सिलेसनने रागाने बाटली लाथाडली, ती याच निर्णयावर.

चारच दिवसांनी उपांत्य फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा पेनल्टींची वेळ आली. कोच तोच, तयारी तशीच, क्रुलही बाकावर हजर. पण तोवर त्या वेळी मिळणाऱ्या तिन्ही बदल्या वापरून झाल्या होत्या. सिलेसनच गोलमध्ये राहिला आणि नेदरलँड्स हरलं. गोलकीपिंग कोच आणि मुख्य प्रशिक्षक यांच्यातला फरक समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

दुसरं उदाहरण जर्मनीचं आणि जास्त कडू. सेप मायर म्हणजे 1974 चा विश्वचषक जिंकणारा गोलरक्षक, पुढे बायर्न म्युनिक आणि राष्ट्रीय संघ दोन्हीकडे गोलकीपिंग कोच. 2004 मध्ये युर्गन क्लिन्समन राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी पहिला गोलकीपर ऑलिव्हर कान की येन्स लेमन, हा प्रश्न खुला ठेवला. मायर यांनी जाहीरपणे कानची बाजू घेतली आणि त्यांना राष्ट्रीय संघातलं काम सोडावं लागलं. गोलरक्षणातलं ज्ञान तोललं तर मायर यांच्यासमोर क्लिन्समन कुठेच नाहीत, ते तर आघाडीचे खेळाडू. तरीही पहिला गोलकीपर कोण, हे सांगण्याचा अधिकार क्लिन्समन यांचाच होता. मायर यांच्या जागी आंद्रेआस क्योपके आले. 2006 मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टींच्या वेळी लेमन ज्या चिठोऱ्याकडे बघत होता, ते हॉटेलच्या कागदावर क्योपके यांनी लिहून दिलेलं होतं, कोण कुठे मारतो ते. लेमनने ते मोज्यात खुपसून ठेवलं होतं. अर्जेंटिनाकडून शेवटची पेनल्टी मारणाऱ्या काम्बियासोचं नाव त्यात नव्हतंच. लेमनने तरीही कागद उलगडला, शांतपणे वाचला, परत ठेवला आणि चेंडू अडवला. क्योपके 2021 पर्यंत त्या पदावर होते. त्यांना ‘बढती’ मिळाली नाही म्हणून कुणी हळहळू नये. आपल्या कामात ते शिखरावर होते.

आता ती बढतीची समजूत. गोलकीपिंग कोच ही मुख्य प्रशिक्षकपदाची पायरी नाही. ते वेगळं शिक्षण आहे आणि कागदावरही वेगळं आहे. युरोपात गोलकीपिंग कोचसाठी युएफाची, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाची, स्वतंत्र लायसन्सं आहेत. संघ चालवायचा असेल तर बी, ए आणि प्रो ही दुसरी वाट धरावी लागते. गोलकीपिंगचं सर्वांत वरचं लायसन्स खिशात असलं तरी मोठ्या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून उभं राहता येत नाही, त्याला प्रो लागतंच.

नुनो एस्पिरितो सांतो यांच्याकडे बोट दाखवून लोक म्हणतात, बघा, गेला की नाही वर? हो, ते गोलकीपिंग कोच होते. 2010 मध्ये खेळ थांबवून ते प्रशिक्षक जेसुआल्दो फेरेरा यांच्याबरोबर मालागा आणि नंतर पानाथिनाइकोसला गेले. 2012 मध्ये रिओ आव्हेने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं, दोन वर्षांत त्यांनी तो छोटा क्लब पोर्तुगालच्या दोन्ही कपांच्या अंतिम फेरीत नेला, आणि मग व्हॅलेन्सिया, पोर्तो, वुल्व्ह्स. पण त्यांच्या कारकिर्दीतला माझ्या मते जास्त महत्त्वाचा काळ त्याआधीचा आहे. 2004 मध्ये युरोपचा चॅम्पियन झालेल्या पोर्तोच्या संघात ते होते, गोलमध्ये मात्र व्हितोर बाइया. नुनो बाकावरून जोझे मोरिन्यो यांना संघ चालवताना पाहत होते. राखीव गोलकीपरला वर्षानुवर्षं मुख्य प्रशिक्षकाच्या हाकेच्या अंतरावर बसायला मिळतं, तसं दुसऱ्या कुणालाच मिळत नाही.

युलेन लोपेतेगी यांनी तर मधली वाट घेतलीच नाही. रेयाल माद्रिद, बार्सिलोना अशा क्लबांत बहुतेक काळ दुसऱ्या क्रमांकाचे गोलकीपर, स्पेनकडून एकच सामना. प्रशिक्षक म्हणून स्पेनच्या कुमार संघांना 19 वर्षांखालील (2012) आणि 21 वर्षांखालील (2013) युरोपीय विजेतेपदं मिळवून दिली, 2020 मध्ये सेव्हियासोबत युरोपा लीग जिंकली. त्यांच्या संघाने गोल किती खाल्ले, यावरून त्यांचं गोलरक्षकपण मोजणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: आघाडीचा खेळाडू प्रशिक्षक झाला तर त्याच्या संघाचे गोल तुम्ही त्याच्या पायांच्या खात्यात जमा करता का?

‘गोलकीपरला पूर्ण मैदान दिसतं, म्हणून तो जात्याच चांगला प्रशिक्षक’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. मैदान दिसतं, पण एकाच बाजूने. गोलकडे पाठ करून, अंगावर माणूस घेऊन चेंडू ताब्यात घेणं काय असतं, हे त्याच्या पायांना माहीत नसतं. मोठी अडचण तर त्याहून साधी आहे. सरावाचा बराच वेळ गोलकीपर वेगळ्या कोपऱ्यात काढतात. बाकीचा संघ चेंडू हिसकावण्याच्या खुणा, मधल्या फळीची अंतरं घोटवत असतो, तेव्हा ते दुसऱ्या टोकाला झेपा घेत असतात. वीस वर्षांच्या कारकिर्दीत हा तुटवडा साठतो. मुख्य प्रशिक्षक झालेल्या गोलरक्षकाला तो स्वतः भरून काढावा लागतो, आणि म्हणूनच तो यशस्वी झाला तर मला त्याचं जास्त कौतुक वाटतं. 1992 मध्ये बॅकपास, म्हणजे सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू, हाताने उचलायला बंदी आल्यापासून गोलकीपर पायाने खेळायला लागले, चेंडू पुढे नेण्याच्या सरावात त्यांना सामील करावं लागलं, तेव्हापासून हे अंतर थोडं कमी झालं आहे.

मुख्य प्रशिक्षक झालेल्या गोलरक्षकांची उदाहरणं वाटतात तितकी नवी नाहीत. 1962 मध्ये ब्राझीलला विश्वचषक जिंकून देणारे आयमोरे मोरेरा स्वतः गोलकीपर होते. पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाल्यावर संघ सावरण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. 1993 मध्ये फ्रान्सच्या मार्सेल क्लबला मिलानविरुद्ध युरोपचा मुकुट मिळवून देणारे बेल्जियमचे रेमों गोथाल्सही गोलकीपरच. दिनो झोफ यांनी चाळिसाव्या वर्षी, 1982 मध्ये, कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला, 1990 मध्ये युव्हेंटसला युएफा कप आणि इटालियन कप मिळवून दिले आणि 2000 मध्ये इटलीला युरोच्या अंतिम सामन्यात नेलं. तो सामना फ्रान्सविरुद्ध गोल्डन गोलवर, म्हणजे अतिरिक्त वेळेतल्या पहिल्याच गोलवर, गेला. नंतर इटलीचे राजकारणी सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी टीका केली की फ्रान्सच्या झिदानवर माणूस का लावला नाही, आणि झोफ यांनी राजीनामा दिला. टीका कशावर झाली ते पाहा. गोलकीपरवर नाही, मधल्या फळीतल्या डावपेचावर. मुख्य प्रशिक्षकाला जाब विचारला जातो तो असा.

आणि बढतीच्या समजुतीला सर्वांत चोख उत्तर रे क्लेमेन्स यांच्या आयुष्यात आहे. लिव्हरपूल आणि टॉटनहॅमचे हे गोलकीपर 1992-93 मध्ये डग लिव्हरमोर यांच्या जोडीने टॉटनहॅमचा पहिला संघ सांभाळत होते, मग बार्नेट या छोट्या क्लबचे मॅनेजर झाले. संघ निवडणं, हरल्यावर उत्तरं देणं, सगळं करून पाहिलं. 1996 मध्ये ते मॅनेजरपद सोडून इंग्लंडचे गोलकीपिंग कोच झाले. पुढे इंग्लंडचे मुख्य प्रशिक्षक ग्लेन हॉडल गेले, केव्हिन कीगन आले आणि गेले, स्वेन-योरान एरिक्सन आले. क्लेमेन्स मात्र इंग्लंडच्या गोलकीपरांना चेंडू मारत तिथेच राहिले.