नागरी आरोग्य समता (मुंबई)

शहरातील कोणाचेही आजारपण, उपचार आणि आयुर्मान त्याच्या राहत्या पत्त्यावरून ठरू नये, हे नागरी आरोग्य समतेचे तत्त्व. मुंबईत ते पत्त्यावरून ठरत आले आहे. त्याची कारणे दवाखान्यांइतकीच महापालिकेचे जलखाते, बांधकामाची नियमावली आणि अर्थसंकल्प यांत सापडतात.

या गोष्टीला मोठा इतिहास आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. रोगाचे मूळ दाटीत आहे असे मानून सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढून जुन्या वस्तीत समुद्राची हवा खेळवायची, असा बेत होता. परंतु सुरुवातीच्या काळात पाडकाम झपाट्याने झाले आणि नवी घरे मागे पडली. उठवलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली. बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी ही ट्रस्टचीच देणगी. पण दादर-माटुंग्याच्या मोकळ्या, हवेशीर योजनांचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गाला मिळाला.

आजच्या मुंबईत विषमता सर्वांत ठळक दिसते ती पाण्यात. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि त्यांतील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. पालिकेच्या मापदंडात इमारतीतल्या माणसाला दररोज १३५ लिटर, तर झोपडीतल्या माणसाला ४५ लिटर पाणी धरलेले आहे. त्यातही झोपडी ‘पात्र’, म्हणजे ठरलेल्या तारखेपूर्वीची असावी लागे. पात्रतेची तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, पुढे ती १ जानेवारी २००० झाली. त्यानंतरच्या झोपड्यांना अधिकृत नळ मिळत नसे. अशा वस्तीत पाणी कॅनच्या हिशेबाने विकत घ्यावे लागते आणि त्याचा दर इमारतीतल्या पाणीपट्टीच्या कितीतरी पट पडतो. गटारातून नेलेल्या प्लॅस्टिकच्या नळीला मोटर लावली, की कमी दाबाच्या वेळी फटीतून सांडपाणी आत ओढले जाते. पोरांचे जुलाब, कावीळ, टायफॉइड यांची सुरुवात तिथेच होते. डॉक्टरांकडे पोहोचतो तो पुढचा टप्पा. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून २००० नंतरच्या झोपड्यांसाठीही धोरण आखण्याचा आदेश दिला. मात्र अधिकृत रहिवाशांच्या बरोबरीने पाणी मागण्याचा हक्क त्यांना दिला नाही. पालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आले ते २०२२ मध्ये.

घरांबाबतीतही नियमच आजाराला वाट करून देतात. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या अटींत सवलत दिली जाते. कमी जमिनीत जास्त घरे बसवल्याखेरीज विकासकाचे आणि सरकारचे गणित जमत नाही. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी गोवंडी-मानखुर्दकडे उभ्या राहिलेल्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींतील अंतर जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, दिवसाही दिवा लावावा लागतो, २२५ चौरस फुटांच्या खोलीत हवा कोंडते. २०१८ च्या सुमारास तेथील तीन वसाहतींच्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध थेट या रचनेशी जोडला गेला. औषधे फुकट मिळतात. पण रुग्ण गोळ्या घेऊन त्याच खोलीत परततो. माहुलमध्ये तर विस्थापितांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवले गेले आणि त्यांना न्यायालयात धाव घ्यावी लागली.

गोवंडी-मानखुर्दच्या वसाहती आणि १९२७ पासूनचे देवनार कचराभूमीचे डोंगर पालिकेच्या ज्या एम-पूर्व विभागात येतात, तो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाशी होता. २०२२ च्या अखेरीस गोवरची साथ उसळली तीही गोवंडीतून, लस चुकलेल्या मुलांमध्ये.

पैशाचा प्रश्न चमत्कारिक आहे, कारण मुंबईकडे पैसा आहे. २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा, म्हणजे गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा. आरोग्याला त्यातील साधारण एक दशांश मिळतो. केईएम, नायर, शीव ही पालिकेची रुग्णालये हा मुंबईचा खरा अभिमान. थोडक्या पैशांच्या केसपेपरवर मोठ्या शस्त्रक्रिया तिथे होतात. मात्र खर्चाचा मोठा वाटा याच रुग्णालयांकडे जातो आणि वस्तीतला दवाखाना दुबळा राहतो. ‘औषध बाहेरून आणा’ ही चिठ्ठी हातात पडली, की मोफत उपचार मोफत उरत नाहीत. केंद्र सरकारनेही शहरांना थांबवून ठेवले: ग्रामीण आरोग्य अभियान २००५ चे, शहरी अभियान २०१३ चे. नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांची वेळ रात्री दहापर्यंत ठेवली, हा योग्य निर्णय होता. रोजंदारीवरचा माणूस सकाळची ओपीडी गाठू शकत नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. वस्तीतल्या माणसाने आपले गाऱ्हाणे सभागृहात पोहोचवण्याचा मार्ग त्या काळात बंद होता.

जुलै २०२० मध्ये तीन विभागांत झालेल्या कोविड प्रतिपिंड पाहणीत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इमारतींतील १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. सामायिक शौचालये आणि दाटी हे त्याचे उघड कारण. त्याच वर्षी धारावीत साथ आटोक्यात आली ती घरोघरी तपासणी, शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण आणि शाळांतील विलगीकरण यांमुळे. दारोदार हिंडण्याचे काम करणाऱ्यांत पालिकेच्या आरोग्य सेविका होत्या. यांतल्या कित्येकींनी वर्षानुवर्षे पगाराऐवजी मानधनावर काम केले आहे.