कास्टा पेंटिंग्ज: मेक्सिकोतली मिश्र कुटुंबं कॅनव्हासवर कशी आली

18व्या शतकात मेक्सिकोत, म्हणजे तेव्हाच्या न्यू स्पेन या स्पॅनिश वसाहतीत, कास्टा (म्हणजे जात) पेंटिंग्ज नावाचा चित्रप्रकार जोरात होता. शक्यतो 16 चित्रांचा संच, प्रत्येकात आई, बाप आणि मूल, आणि वर चक्क लेबल, की स्पॅनिश बाप आणि इंडियन (म्हणजे तिथली मूळ रहिवासी) बाई यांचं मूल मेस्तिसो, स्पॅनिश आणि काळी बाई यांचं मूल मुलाटो, असं करत करत खाली खाली. आज असे शंभराहून जास्त संच माहीत आहेत. चित्रं दिसायला फार देखणी आहेत, म्हणूनच त्यांच्यामागे काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं.

सुरुवात मेक्सिकोत नाही, स्पेनमध्ये होते. 1449 साली तोलेदो शहरात नियम झाला की ज्यांचे पूर्वज ज्यू होते, मग ते आता ख्रिश्चन का असेनात, त्यांना सरकारी पदं मिळणार नाहीत. "रक्ताची शुद्धता" ही कल्पना तिथून पसरली आणि स्पॅनिश लोकांसोबत जहाजातून अमेरिकेत गेली. 1521 मध्ये अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली, आलेल्यांत बायका फारच कमी, त्यामुळे पहिल्याच पिढीत मिश्र मुलं जन्माला आली. खुद्द स्पॅनिश सेनानी कोर्तेसला त्याची तिथली दुभाषी मालिंत्सिन हिच्यापासून मुलगा झाला, मार्तिन, आणि त्याला औरस ठरवायला पोपचा हुकूम आणावा लागला. पुढे आफ्रिकेतून गुलाम आणले गेले आणि 1565 पासून मनिलाच्या जहाजांतून आशियातली माणसंही येऊ लागली. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात 1688 मध्ये वारलेली कातारिना दे सान हुआन ही मूळची हिंदुस्थानातली, लहानपणी पोर्तुगीजांनी पळवून मनिलात विकलेली, असं तिच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय.

म्हणजे शंभर-दीडशे वर्षांत सगळंच मिसळून गेलं होतं, आणि वरच्या वर्गाला नेमकं तेच खुपत होतं. 1692 मध्ये मेक्सिको सिटीत धान्यटंचाईवरून दंगल उसळली, व्हाइसरॉयचा वाडा जाळला गेला, तेव्हापासून या मिश्र गर्दीची भीतीच बसली. त्यानंतर वीसेक वर्षांत पहिली कास्टा चित्रं दिसायला लागतात, आणि मला यात योगायोग वाटत नाही. रस्त्यावर जे आवरता येत नव्हतं ते कॅनव्हासवर नंबर टाकून ओळीत लावलं गेलं.

या ओळीचा हिशोब बघा. स्पॅनिश आणि इंडियन मिळून मेस्तिसो, त्यात परत स्पॅनिश आला की कास्तिसो, आणि अजून एकदा आला की मूल पुन्हा पूर्ण स्पॅनिश. तीन पिढ्यांत डाग धुतला. पण आफ्रिकन रक्ताला ही सोय नाही. मुलाटो, मोरिस्को, अल्बिनो असं गोरं होत होत गेलं तरी त्यापुढचं मूल "तोर्ना आत्रास", म्हणजे मागे फिरलेलं. शेवटी शेवटी तर "नो ते एन्तिएन्दो", तू काय आहेस तेच कळत नाही, असंही एका जातीचं नाव! मिगेल काब्रेराच्या 1763 च्या संचात पहिल्या कुटुंबामागे भारी कापडाच्या थप्प्या आहेत, आणि पुढच्या नंबरांकडे जावं तसे अंगावरचे कपडे फाटत जातात.

आंद्रेस दे इस्लासचं 1774 चं एक चित्र तर बघवत नाही. स्वयंपाकघरात काळ्या बाईने स्पॅनिश नवऱ्याचे केस धरलेत, ती त्याला मारतेय, आणि छोटी मुलगी आईचा घागरा ओढून तिला थांबवू बघतेय. बघणाऱ्याने समजायचं काय तर अशा घरात शांतता नांदत नाही आणि दोष बाईचा. पण खऱ्या जगात मारहाण कुठल्या दिशेने जास्त व्हायची? कायद्याने आई गुलाम असली की मूलही गुलाम, बाप कोणी का असेना, त्यामुळे मालकाची स्वतःची मुलगी त्याची मालमत्ता होऊ शकत होती, आणि ही गोष्ट 16 पैकी एकाही चित्रात येत नाही.

आपल्याला लगेच आपली जातिव्यवस्था आठवते, पण तिथलं प्रकरण बरंच सैल होतं. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वह्या स्पॅनिशांसाठी वेगळ्या आणि इतरांसाठी वेगळ्या, तरी एकच माणूस एका कागदावर मुलाटो तर दुसऱ्यावर मेस्तिसो सापडतो. कपडे, धंदा, ओळखी, पैसा, सगळ्यावर ठरायचं. हुआन कोरेआ हा त्या काळचा बडा चित्रकार, चर्चची मोठमोठी कामं करायचा, तो स्वतः मुलाटो होता. आणि 1795 मध्ये तर राजाने दरपत्रकच काढलं, 500 रेआल (स्पॅनिश नाणी) भरा आणि काळेपणाच्या बंधनांतून सूट मिळवा.

चित्रं बरीचशी स्पेनला जायची. पेरूच्या व्हाइसरॉय आमातने 1770 मध्ये 20 चित्रांचा संच राजपुत्राच्या निसर्ग-संग्रहासाठी पाठवला, तिथली माणसं फळं-प्राण्यांसारखीच नमुने म्हणून. पुएब्लातल्या आर्से इ मिरांदा नावाच्या धर्मगुरूने त्याआधीच, 1746 मध्ये, अशा चित्रांबद्दल तक्रार केली होती, पण कारण वेगळं, की ही चित्रं बघून स्पेनमधल्यांना वाटेल इथले आम्ही सगळेच मिश्र.

1810 मध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं आणि हा चित्रप्रकार संपला. 1822 मध्ये चर्चच्या वह्यांत वंश लिहिणं बंद झालं, 1829 मध्ये आफ्रिकन वंशाचाच राष्ट्राध्यक्ष विसेन्ते गेरेरोने गुलामी रद्द केली. पण वहीतून लेबल गेलं तशी काळी मेक्सिकन माणसंही मोजणीतून गेली, आणि त्यांना संविधानात जागा मिळायला 2019 उजाडलं. 2020 च्या जनगणनेत 25 लाखांहून जास्त लोकांनी स्वतःला आफ्रो-मेक्सिकन म्हणून नोंदवलं.