रक्त थांबलं, गोळी थांबवायची नाही

इंदूरच्या मराठी घरात कुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन शौचातून रक्त जाण्याचा दीर्घ आजार) झाला की आधी बोलणं निघतं ते पोह्यांवरच्या शेवेचं आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याचं. पुढे रक्त थांबतं, दिवसातून एकदा बांधून शौचाला होतं. मग पथ्य नेटाने चालू राहतं आणि गोळी गुपचूप बंद होते. आजार उलटण्याचं हे फार मोठं कारण आहे.

ही गोळी म्हणजे मेसालामिन. ते मोठ्या आतड्याच्या अस्तरावर थेट लागून सूज दाबून ठेवतं. बहुतेक गोळ्यांवरचं आवरण जठराच्या आम्लात टिकतं आणि लहान आतड्याच्या शेवटाकडे विरघळतं. गोळी चावली किंवा कुटली तर औषध वाटेतच सुटतं. शौचात कधीतरी रिकामं टरफल दिसलं तर घाबरू नका. अख्खी गोळी वारंवार दिसली तर डॉक्टरांना सांगा. आजार शांत असताना साधारण 2 ते 2.4 ग्रॅम रोज लागतं, म्हणजे 1.2 ग्रॅमच्या दोन गोळ्या, एकाच वेळी घेतल्या तरी चालतात. 2003 साली अमेरिकेत 99 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात औषध चुकवणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त दिसला.

आजार गुदाशयापुरता असेल तर मेसालामिनची 1 ग्रॅमची सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची वडी) गोळीपेक्षा सरस ठरते. लाजून ती टाळू नये. झोपण्याआधी शौचाला जाऊन यावं, टोक पाण्याने ओलं करावं, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन बोटाने आत सरकवावी आणि रात्रभर राहू द्यावी. चादरीवर डाग पडतात, खाली जुना टॉवेल घाला.

स्टिरॉइडने भडका विझतो, पण आजार शांत ठेवण्याचं ते औषध नव्हे. महिनोन्‌महिने घेतल्यास हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. वर्षभरात दोनदा स्टिरॉइड घ्यावं लागलं, तर कायमचं औषध बदलायचं का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने आणू नका, त्यानेही आजार उसळू शकतो. पॅरासिटामॉल त्या मानाने बरं.

मेसालामिन क्वचित मूत्रपिंडाला त्रास देतं, तोही काही जाणवू न देता. म्हणून वर्षातून किमान एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासावं. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची (आतड्याला सूज असली की वाढणाऱ्या प्रथिनाची) तपासणी रक्त दिसण्याआधीच सूज पकडते. आणि लक्षणं सुरू होऊन 8 वर्षं झाली की तब्येत ठणठणीत असली तरी कोलोनोस्कोपी करायची, कारण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका तिथून वाढू लागतो.