खड्डा भरायची भीती

मावशीचं गाव परभणीच्या अलीकडे, काळ्या रानात. शौचालयाचं अनुदान मंजूर झालं, स्वच्छ भारतमधले 12,000 रुपये, तेव्हा गवंड्यानं टेप लावून परस मोजलं आणि म्हणाला, "उगं दोन-दोन खड्डे कशाला, मावशी? दहा बाय दहाचा एकच मारू, दहा फूट खोल. नातवंडांच्या लग्नापर्यंत बघायचं काम नाही."

मावशीला ते पटलं. खड्डा भरला तर उपसायचा कुणी, ही धास्ती गावोगाव आहे. घरात शौचालय असूनही पहाटे टमरेल घेऊन रानाकडे निघालेला एखादा आजोबा याच धास्तीपायी खड्डा 'वाचवत' असतो.

आता गवंड्याचा हिशोब तपासू. दहा फुटी खड्डा म्हणजे 1,000 घनफूट, 28,000 लिटरहून जास्त जागा. विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते जमिनीत मुरतं, उरलेल्यातलं बरंचसं जिवाणू खाऊन टाकतात, वायू मातीत जिरतात. वर्षाकाठी माणशी गाळ उरतो तो जेमतेम 40 ते 50 लिटर. पाच माणसांच्या घराचे झाले सव्वादोनशे लिटर. या हिशोबानं तो खड्डा सव्वाशे वर्षं भरायचा नाही. गवंडी उलट कमीच बोलला, नातवंडांच्या नातवंडांचीही लग्नं उरकतील.

मग बिघडतं कुठे? या खड्ड्यात रोज वरून ताजी भर पडते. तळाचं कुजून माती होत असतं, पण वरचा थर कायम कच्चाच. पाणी मुरायचं थांबलं, तुंबलं, की झाकण उघडावंच लागतं, आणि उघडणाऱ्याच्या वाट्याला येतो मैला. आपल्याकडे तो कुणाच्या वाट्याला येत आलाय, हे सांगायला नको. माणसाला हातानं मैला उपसायला लावणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे टँकर बोलवा, पैसे मोजा. आणि टँकर तो मैला कुठे रिकामा करतो, हे सहसा कुणी विचारत नाही.

लहान जोडखड्ड्यांची खुबी इथेच आहे. संडासातून येणारी नळी आधी एका छोट्या चेंबरमध्ये येते, तिथून तिला दोन खड्ड्यांकडे दोन तोंडं फुटतात, आणि एका वेळी एकच खड्डा वापरायचा. एक मीटर व्यास आणि वापरात येणारी मीटरभर खोली एवढ्यात पावणेआठशे लिटर मावतात, म्हणजे घराची तीन वर्षं. पहिला भरला की चेंबरचं झाकण काढायचं, त्या बाजूचं तोंड विटेनं बुजवायचं आणि दुसऱ्याचं मोकळं करायचं. पाच मिनिटांचं काम. मग भरलेल्या खड्ड्याला हात लावायचा नाही. आतल्या जंतूंचं अन्न संपतं, ओल कमी होते, रोगजंतू मरत जातात. सगळ्यांत चिवट असतात जंताची अंडी, त्यांना मरायला महिनोन्महिने लागतात. आपल्याकडच्या उन्हाळी तापमानात वर्षभरात काम होतं. दोन वर्षं थांबलं तर आणखी बरं. बाहेर निघतं ते काळपट, भुसभुशीत, वास नसलेलं सोनखत. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशा खड्ड्यात स्वतः उतरले आणि त्यांनी खत उपसून दाखवलं. खात्याच्या शंभर पत्रकांनी जे झालं नसतं, ते त्या एका फावड्यानं झालं असावं.

मराठवाड्यात मात्र एक गोम आहे, ती म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात हिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि ओली झाली की फुगून दार लावल्यासारखी बंद होते. या चिकणमातीचे कण पाणी आपल्यातच धरून ठेवतात, खाली जाऊ देत नाहीत. दिवसाला एका चौरस मीटरमधून वाळू पन्नासेक लिटर पाणी पिते, तिथे काळी माती दहाच्या आसपास अडते. पावसाळ्यात शौचालय तुंबलं की लोक म्हणतात, 'खड्डा भरला.' खरं तर मातीनं तोंड मिटलेलं असतं. उपाय सोपा आहे. खड्डा थोडा रुंद खणायचा, विटांत फटी ठेवून जाळीचं बांधकाम करायचं आणि बांधकामाबाहेर चारी बाजूंनी फूटभर जाडीची वाळू-खडी भरायची. खाली मुरूम लागला तर दुधात साखर. पण जिथे वितभर मातीखाली भेगाळ काळा पाषाण आहे तिथे सांभाळून, कारण भेगेतून पाणी न गाळता थेट आडापर्यंत पोचू शकतं.

मावशीचा खरा प्रश्न वेगळाच होता. "प्यायला पाणी नाही, संडासात कुठून ओतू?" रास्तच. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत होतं 5 लाख लिटर. अशा मुलखात शहरी टाकी दर खेपेला दहा लिटर ओढत असेल, तर पाच माणसांचे पन्नास लिटर नुसते वाहून जाणार. पण ग्रामीण भांडं तीव्र उताराचं असतं, त्याच्या कोंबड्यात, म्हणजे खालच्या वाकड्या नळीत, फक्त 20 मिलिमीटर पाणी साचतं. एवढंसं पाणी दुर्गंधी आणि माशा अडवतं, आणि दीड-दोन लिटरमध्ये भांडं साफ होतं. घोळ असा, की दुकानात दोन्ही भांडी शेजारी ठेवलेली असतात आणि घेणारा सपाट, देखणं उचलतो. मग मराठवाड्यात पाण्याअभावी शौचालयं चालत नाहीत, असा निष्कर्ष निघतो. भोगतात बाया: अंधार पडेपर्यंत थांबणं, त्यासाठी दिवसभर पाणी कमी पिणं.

मावशीनं शेवटी दोन खड्डे घेतले, गवंड्याशी चार दिवस वाद घालून. पहिल्याचं तोंड गेल्या पोळ्याला बुजवलं. झाकणावर दाराला लावून उरलेल्या निळ्या ऑइलपेंटनं महिना आणि साल लिहिलंय. नातू त्यावर बसून गोट्या खेळतो, आणि तारीख पुसट झाली की मावशी पुन्हा गिरवते.