पार्श्वभूमी : मिथेन आणि दम्याचा आडवळणी संबंध

मिथेन श्वासातून आत गेला तरी फुप्फुसांना थेट इजा करत नाही. बंद जागेत फार साठला तर तो हवेतल्या प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणूस गुदमरतो, एवढेच. तरीही श्वसनविकारांच्या संशोधनात त्याचे नाव वारंवार येते, ते बहुतेक वेळा त्याच्या सोबत्यांमुळे.

१७७६ साली आलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने इटलीतल्या मॅज्जोरे सरोवराकाठचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले. ते पेट घेत; तो वायू म्हणजेच मिथेन. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांची या वायूशी जुनीच ओळख होती, अर्थात स्फोटांमुळे. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असले की एक ठिणगी पुरते.

१८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट झाला, तेव्हा जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मृतदेह तपासले. बऱ्याच जणांची कातडी गुलाबी पडली होती. ही कार्बन मोनॉक्साइडची खूण. बहुतेकांचा जीव स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर मागे उरलेल्या विषारी हवेने घेतला होता. पुढे हॉल्डेनच्याच सल्ल्याने कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे खाणीत उतरले. ते मिथेन हुडकायला असत असा अनेकांचा समज आहे. खरे तर ते मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडसाठी होते.

नळातून येणारा गॅस मुख्यतः मिथेनच, पण त्याचा वास मिथेनचा नाही. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त रसायने मिसळतात. २०१५ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यन इथल्या भूमिगत साठ्यातून गळती सुरू झाली आणि फेब्रुवारीपर्यंत सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला. शेजारच्या वस्तीत डोकेदुखी, मळमळ, नाकातून रक्त येणे अशा तक्रारी वाढल्या. आरोग्य खात्याने बोट दाखवले ते या वासाच्या रसायनांकडे.

दम्याशी असलेला दुवा मात्र आणखी दूरचा आहे. १९७०च्या दशकात वातावरणशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन आणि इतरांनी दाखवले की नायट्रोजनची ऑक्साइडे हजर असताना हवेत मिथेनचे विघटन झाले की ओझोन तयार होतो. जमिनीलगतचा ओझोन श्वासनलिकांना सूज आणतो, दमा उफाळतो. पण मिथेन हवेत दहाएक वर्षे टिकतो आणि जगभर पसरतो. गळती एकीकडे, खोकणारा भलतीकडे! म्हणून गळतीजवळच्या दवाखान्यातले रुग्ण मोजून हा परिणाम सापडत नाही; संगणकीय प्रारूपेच वापरावी लागतात.

२००९ साली सुमारे साडेचार लाख अमेरिकनांच्या १८ वर्षांच्या नोंदींतून दीर्घकाळचा ओझोन आणि श्वसनविकारांनी होणारे मृत्यू यांचा संबंध पुढे आला. २०२१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने हिशेब थेट मिथेनपर्यंत नेला: मानवनिर्मित उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवले तर दरवर्षी २ लाख ६० हजार अकाली मृत्यू आणि दम्यासाठीच्या पावणेआठ लाख रुग्णालय-भेटी टळतील. हे आकडे प्रारूपातले आहेत. त्यांतल्या एकाही रुग्णाच्या केसपेपरवर मिथेनचे नाव येणार नाही.