भाऊबंदकी (बेळगाव सीमाभाग)

एका मूळ पुरुषाच्या वंशजांत जमीन, घर, पाणी आणि मान यांवरून चालणारे वैर म्हणजे भाऊबंदकी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतील मराठी बोलीत ‘भावकी’ हा शब्द वेगळा राखलेला आहे. भावकीत सुतक, लग्नकार्य, यात्रा सगळे येते. भाऊबंदकी म्हटले की बांध आणि कोर्ट. शेजारचा कन्नड शेतकरी याच गोष्टीला ‘दायादि मत्सर’ म्हणतो. त्यातला मूळ संस्कृत ‘दायाद’ म्हणजे वारशाचा वाटेकरी. कृ. प्र. खाडिलकरांच्या १९०९ च्या नाटकाने ‘भाऊबंदकी’ हा शब्द पेशव्यांच्या घराण्याशी जोडला. गावात त्याला दोन गुंठे पुरतात.

भांडणाचे मूळ वारसाहक्काच्या रचनेत आहे. हिंदू वारसाकायद्याच्या मिताक्षरा पद्धतीत वडिलार्जित जमिनीवर मुलाचा हक्क जन्मतःच येतो, त्यामुळे बाप हयात असतानाही वाटणी मागता येते. बंगालातील दायभाग पद्धतीत तशी सोय नव्हती. मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरी, सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) काळातला. म्हणजे हा हक्क बाहेरून आलेला नाही, कर्नाटकाच्याच मातीत लिहिला गेला.

हिशेब साधा आहे. ४ एकर म्हणजे १६० गुंठे. चार भावांत ४० गुंठे, पुढे प्रत्येकाला तीन मुलगे झाले तर १३ गुंठे ५ आणे (सोळा आण्यांचा एक गुंठा). एवढ्यावर बैल पोसत नाही. तरी खरा वाद क्षेत्राचा क्वचितच असतो, कारण मोजणी करून क्षेत्र वाटता येते. विहीर, वाट, बांध आणि बांधावरचा आंबा वाटता येत नाहीत. विहिरीच्या पाण्याची पाळी वारांनी लावतात आणि वीज नेमकी आपल्या वारी जाते, ही तक्रार ऊसपट्ट्यात नेहमीची. खानापूरच्या भातशेतीत वरच्या वाफ्याचे पाणी खालच्या भावाकडे उतरते, तिथे वाट अडवली की रोपलावण थांबते. ‘बांध कोरणे’ हा तर स्वतंत्र वाक्प्रचारच झाला आहे: दरवर्षी नांगराचे एक तास, म्हणजे एक चर, आत सरकवायचे आणि काही वर्षांनी बांध पाऊलवाटेएवढा उरला की पंच बोलवायचे.

थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही अनेक गावांतली जुनी रीत. लबाडीवर याहून स्वस्त उपाय नसावा. कुठे चिठ्ठ्या टाकतात. घराची वाटणी अधिक झोंबते. सोप्यात मधोमध भिंत येते, परडे दुभंगते, चूल वेगळी होते. देव बहुधा थोरल्याकडे राहतात आणि सणाला बाकीचे तिथेच जेवतात.

बहिणी या वादात उशिरा आल्या. कर्नाटकाने १९९४ मध्ये मुलींना जन्मसिद्ध वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. तरीही साडी-चोळी करून सोडपत्रावर सही घेण्याची पद्धत टिकून आहे. सही न करणारी बहीण ‘माहेर तोडणारी’ ठरते, आणि सही मागणाऱ्या भावाला मात्र असे कोणतेच नाव नाही.

सीमाभागात याला कागदाचा पीळ आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. घरातल्या पेटीतली जुनी कागदपत्रे मराठीत, काही मोडीत. आजचा उतारा, म्हणजे ‘पहाणी’, कन्नडमध्ये निघतो. कागदपत्रे मराठीतही मिळावीत ही इथल्या मराठी भाषकांची जुनी मागणी आहे. परिणाम घरात दिसतो: ज्या भावाला कन्नड वाचता येते तोच तलाठ्याकडे जातो, तोच पोडी (सर्व्हे नंबरचे तुकडे पाडणे) आणि ‘११ ई’ नकाशाचे (वाटणीसाठी लागणारा मोजणीचा नकाशा) बघतो, आणि बाकीचे त्याच्यावर विसंबतात किंवा संशय घेतात. जुन्या मुंबई पद्धतीच्या नोंदींत थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असे लिहीत. ही अक्षरे नव्या उताऱ्यात उतरली नाहीत, तर सगळ्यांची जमीन कागदावर एकट्याची दिसू लागते.

हलगा–मच्छे बायपास आणि रिंग रोडच्या भूसंपादनाला बेळगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा एकमेकांशी न बोलणारे भाऊही एकाच बांधावर उभे राहू शकले. संपादनाची भरपाई मात्र उताऱ्यावरच्या नावाने निघते, आणि धनादेश हातात पडण्याआधीच कोणीतरी वकील गाठतो.